फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा

आमच्या घरी फ्रिजवर बटर कुकीजचा एक निळा पत्र्याचा डबा आहे. कुकीज संपून दहा वर्षं झाली. आता त्यात गोळ्या असतात, म्हणजे उरलेल्या गोळ्या. पॅरासिटामोलची अर्धी स्ट्रिप, अ‍ॅसिडिटीच्या चार, बाबांच्या दाढदुखीच्या वेळी आणलेल्या तीन, आणि दोन-तीन प्रकारची अँटिबायोटिक्स. तुमच्याकडे डबा नसेल तर देवघराखालचा ड्रॉवर असेल. मराठी माणूस अन्न टाकत नाही, तशा गोळ्याही टाकत नाही.

मागच्या पावसाळ्यात आईला लघवीला जळजळ सुरू झाली. आई चौसष्ट वर्षांची, मधुमेह आहे. तिने दोन दिवस सांगितलंच नाही. नुसतं धण्याचं पाणी पीत राहिली. मग मावशीचा फोन आला आणि मावशी म्हणाली, "अगं, मला त्या सिप्रोने लगेच बरं वाटलं होतं." डब्यात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या होत्या, एका लग्नात सगळ्यांचं पोट बिघडलं होतं तेव्हाच्या. आईने त्या घेतल्या. त्या संपल्यावर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणखी एक स्ट्रिप आणून देणारा मी. चिठ्ठी त्याने मागितली नाही आणि मीही दाखवली नाही. शिकलेला माणूस, महिन्याला चार-चार कोड रिव्ह्यू करतो, दुसऱ्याच्या एका ओळीवर दहा प्रश्न विचारतो. इथे एकही विचारला नाही.

चौथ्या रात्री आईला हुडहुडी भरून ताप आला. तीन ब्लँकेटं घालूनही दात वाजत होते. पहाटे हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता.

लघवीचा कल्चर रिपोर्ट यायला अडीच दिवस लागले. तो मोबाइलवर आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून ऑफिसच्या कॉलवर होतो. जिवाणूचं नाव ई. कोलाय. खाली औषधांची यादी, आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. अ‍ॅम्पिसिलिन आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आर. कोट्रायमोक्साझोल आर. बोट खाली सरकवत गेलो तर शेवटी मोजकेच 'एस' राहिले होते, आणि त्यातली बहुतेक इंजेक्शनं. तळाला एक ओळ होती : ईएसबीएल पॉझिटिव्ह.

डॉक्टर तेलुगू, आई त्यांच्याशी आपल्या दख्खनी हिंदीत बोलायची. मी डॉक्टरांना विचारलं, "आईने लघवीसाठी याआधी कधी काही घेतलंच नव्हतं. मग हा जंतू एवढा तयार कसा?"

त्यांनी उलट विचारलं, "आणि इतर कशासाठी?"

मी आठवू लागलो. खोकल्याला तीन दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन, वर्षातून दोनदा तरी. पोट बिघडलं की सिप्रो. दाढेला काहीतरी. पायाला जखम झाली तेव्हा आणखी काहीतरी. डॉक्टर म्हणाल्या, "त्या प्रत्येक वेळी हा पण तिथेच होता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ई. कोलाय बाहेरून येणारा शत्रू नाही. तो आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. तिथून तो मूत्रमार्गात शिरला की मात्र दुखणं. आपण गोळी घेतो घशासाठी, पण ती जाते पोटातून आणि रक्तातून सगळीकडे. घशाचा जंतू मरो न मरो, आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंची परीक्षा दर वेळी होऊन जाते.

आईपाशी सात रात्री मी होतो. बारावीनंतर बायॉलॉजी सोडली ती सोडलीच, बीईला तिचा संबंध नव्हता. त्या रात्री मिळेल ते वाचत बसलो आणि पहिली गोष्ट कळली ती ही, की 'जंतूंना औषधाची सवय होते' हे आपण म्हणतो ते चूक आहे. सवय आपल्याला चहाची होते. जंतूंचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते ज्या प्रयोगाने कळलं तो मला फार आवडला.

साल १९४३. इटलीतून अमेरिकेत आलेला साल्वादोर लुरिया इंडियाना विद्यापीठात याच ई. कोलायवर काम करत होता. जिवाणूंनाही खाणारे विषाणू असतात. असे विषाणू प्लेटवर सोडले की जवळजवळ सगळे जिवाणू मरतात, पण थोडे वाचतात. ते वाचतात कसे? विषाणू अंगावर आल्यावर काहींनी प्रतिकार शिकून घेतला, की ते आधीपासूनच वेगळे होते? एका पार्टीत लुरिया स्लॉट मशीनवर नाणी टाकणाऱ्या सहकाऱ्याला बघत उभा होता. बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम धो धो नाणी. तिथे त्याला प्रयोग सुचला.

समजा जिवाणू विषाणूला पाहूनच शिकत असतील. मग वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेले जिवाणू घेतले, तर प्रत्येक नळीतून वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यायला हवी. पण बदल आधीच, वाढताना, आपोआप होत असेल तर? एखाद्या नळीत तो सुरुवातीलाच झाला तर त्याचं सगळं खानदान प्रतिकारक निघेल, शेकडो वाचतील. दुसऱ्या नळीत तो शेवटी झाला तर दोनच वाचतील. तिसरीत झालाच नाही तर शून्य. प्रयोगात नेमकं हेच दिसलं : बऱ्याच नळ्यांत शून्य किंवा दोन-चार, आणि मधूनच एखाद्या नळीत जॅकपॉट. गणित मॅक्स डेलब्रुक यांनी मांडलं. दोघांना पुढे, १९६९ साली, आल्फ्रेड हर्शी यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. बग प्रॉडक्शनमध्ये जन्माला येत नाही. तो कोडमध्ये आधीच असतो, लोड आला की दिसतो. फरक एवढाच, की जिवाणूंच्या जगात कधीतरी तो बगच जीव वाचवतो.

पण असे योगायोग किती वेळा होणार, असं मला वाटलं, म्हणून कागदावर आकडे मांडले. प्रयोगशाळेत भरपूर अन्न मिळालं तर ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. दहा तासांत तीस वेळा दुप्पट. एकाचे एकशे सात कोटी! (आतड्यात वेग बराच कमी असतो, पण मुक्काम कायमचा.) त्याच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरं आहेत. ती उतरवून घेताना तो इतका काळजीपूर्वक वागतो, की हजारेक विभाजनांत एखादीच नवी चूक होते. आमच्या टीमने इतकं नीट काम केलं तर मी सगळ्यांना पॅराडाइजची बिर्याणी देईन. तरीही शंभर कोटी जिवाणू एकदा विभागले की दहा लाख चुका होतात. म्हणजे थोड्याच पिढ्यांत, त्या गर्दीत कुठे ना कुठे, जवळजवळ प्रत्येक अक्षर एकदा तरी बदलून झालेलं असतं. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातक. पण औषध आल्यावर उपयोगी पडेल असा एखादा असला तरी पुरतो, कारण बाकीचे मरतात आणि सगळी जागा, सगळं अन्न त्या एकट्याला मोकळं होतं.

सिप्रोचंच बघा. जिवाणूच्या डीएनएच्या लांबलचक दोऱ्याला पीळ आणि गुंता होऊ नये म्हणून एक प्रथिन काम करतं, जायरेज. सिप्रो त्यालाच पकडतं. जायरेजच्या जनुकात एका ठिकाणी अक्षर बदललं तर पकड ढिली होते. दुसरा एखादा बदल झाला तर पेशीतलं औषध बाहेर फेकणारे पंप जोरात चालतात. तिसऱ्याने औषध आत येण्याच्या वाटा कमी होतात. एकेक बदल थोडाच फायदा देतो, पण ते साठत जातात.

हे साठत जाणं डोळ्यांनी बघायचं असेल तर २०१६ साली रॉय किशोनी, मायकेल बेम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचा व्हिडिओ मुलांना जरूर दाखवा. चार फूट बाय दोन फुटांची प्लेट, जवळजवळ आपल्या डायनिंग टेबलाएवढी. दोन्ही कडांना औषध नाही, मग पट्ट्यापट्ट्याने ते वाढत जातं, आणि मधोमध हजारपट. कडेला ई. कोलाय सोडले. पांढरी साय पसरत पहिल्या पट्ट्याच्या रेषेपाशी येते आणि थांबते. मग एका ठिकाणाहून बोटासारखं काहीतरी आत शिरतं आणि पंख्यासारखं पसरतं. पुढची रेषा. पुन्हा थांबणं, पुन्हा एक बोट. दहा-बारा दिवसांत ते मध्यावर पोचतात. माझ्या सात वर्षांच्या मुलीने तो पाहून विचारलं, "बाबा, मग पहिला पट्टाच नसता तर?" अगदी बरोबर प्रश्न. कडेवरच्या जिवाणूंना थेट मधल्या पट्ट्यात ढकललं असतं तर ते मेले असते. पायऱ्या होत्या म्हणून चढले. मावशीच्या सांगण्यावरून घेतलेल्या चार गोळ्या ही अशीच एक पायरी.

एवढ्याने आईचा रिपोर्ट मात्र उलगडत नव्हता. सिप्रोचा 'आर' समजला, पण एकाच जंतूकडे चार निरनिराळ्या जातींच्या औषधांवर उत्तरं कशी? यातली काही आईला कधी दिलीच नव्हती.

हाच प्रश्न १९५०च्या दशकात जपानमधल्या डॉक्टरांना पडला होता. तिथे आमांशाचे असे जिवाणू सापडू लागले, की सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन चारही एकदम निकामी. चार वेगवेगळे योगायोग एकाच जंतूत जुळून यायची शक्यता नगण्य. आणखी विचित्र म्हणजे त्याच रुग्णांच्या आतड्यातल्या साध्या ई. कोलायकडेही तोच चौपदरी प्रतिकार दिसायचा. १९५९च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी प्रतिकारक आणि साधे जिवाणू एकत्र वाढवले, आणि साधेही प्रतिकारक झाले. दोन वेगळ्या जातींचे जिवाणू एकमेकांना काहीतरी देत होते.

ते काहीतरी म्हणजे प्लास्मिड : मुख्य डीएनएपासून वेगळं, छोटं, गोल, सुटं कडं. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून त्याची प्रत त्याला देतो आणि स्वतःकडेही ठेवतो. आपल्याकडे चकलीच्या भाजणीचं प्रमाण जसं एका घरातून दुसऱ्या घरात जातं तसंच. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, आणि घेणाऱ्याला ते स्वतः शोधावं लागत नाही. एका कड्यावर पाच-सहा औषधांची उत्तरं एका ओळीत बसलेली असू शकतात. त्यामुळे यांतलं कुठलंही एक औषध घेतलं, तरी पूर्ण कडं टिकतं. आईचा खोकला आणि आईची न घेतलेली इंजेक्शनं यांचा संबंध इथे लागला. आईच्या बाबतीत ते नेमकं कधी आणि कुठून आलं हे कोणी सांगू शकणार नाही, पण रस्ता हा.

रिपोर्टच्या तळाचं 'ईएसबीएल' हे अशाच कड्यांवरून फिरतं. ते एक विकर आहे. पेनिसिलिन आणि त्याच्या नंतरच्या कित्येक औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडी असते, ती हे विकर तोडतं. आणि ही कात्री जिवाणूंनी आपल्यासाठी मुद्दाम बनवलेली नाही. पेनिसिलिन तोडणारं विकर ऑक्सफर्डच्या एब्राहम आणि चेन यांना १९४०मध्येच सापडलं होतं, पेनिसिलिन लोकांच्या वापरात यायच्या आधी. कॅनडातल्या युकॉन भागात तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही प्रतिकाराची जनुकं मिळाली आहेत. कारण बहुतेक अँटिबायोटिक्स मुळात बुरशी आणि मातीतले जिवाणू एकमेकांविरुद्ध वापरतात. भांडण त्यांचं, फार जुनं. आपण मध्ये घुसलो शंभर वर्षांपूर्वी, आणि मग टनावारी औषध ओतलं.

ओतलं हा शब्द शब्दशः घ्या. आपण हैदराबादकर सोलापूर-पुण्याला निघालो की पटानचेरू लागतं. लहानपणी तिथे गाडीच्या काचा वर करायचो, वास यायचा म्हणून. औषध कारखान्यांचा हा पट्टा. तिथल्या सुमारे नव्वद कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या एका प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने तपासलं. २००७ साली त्यांनी छापलं, की त्या 'शुद्ध' केलेल्या पाण्यात एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आहे. काही जिवाणूंना मारायला जेवढं लागतं त्याच्या हजारपटीहून जास्त. म्हणजे ती चार फुटांची प्लेट आपण ओढ्यात मांडली होती. दिल्लीत २०११मध्ये छापलेल्या अभ्यासात रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत, आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनात, एनडीएम-१ हे जनुक सापडलं. आईला जी शेवटच्या फळीतली इंजेक्शनं दिली, त्या कुळातली औषधं तोडणारं हे जनुक. त्याच्या नावात नवी दिल्ली आहे म्हणून तेव्हा आपल्याकडे मोठा गदारोळ झाला होता. मला विचाराल तर नावापेक्षा नळावर गदारोळ व्हायला हवा होता.

विषाणूंबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण डबा सगळ्यात जास्त उघडतो तो त्यांच्यामुळेच. सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले विषाणूंचे. विषाणूला पेशी नाही, पेशीभित्ती नाही, जायरेज नाही. तो आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो. अँटिबायोटिकला तिथे पकडायला काही नसतं. तो बदलतो मात्र जिवाणूंपेक्षाही भराभर. फ्लूचा विषाणू नक्कल करताना चुका तपासतच नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा बसून पुढच्या लशीत काय घालायचं ते ठरवावं लागतं. शिवाय त्याचा जनुकसंच आठ तुकड्यांत असतो. दोन फ्लू एकाच डुकराच्या पेशीत शिरले तर पत्त्यांसारखी पिसणी होते. २००९चा स्वाइन फ्लू तसा निघाला, डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा तिन्हींकडून आलेले तुकडे असलेला. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात सगळे मास्क लावून फिरत होते. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि पुण्याच्या आत्याकडे जायचं रद्द झालं म्हणून खट्टू झालो होतो. कोरोनाचा विषाणू नक्कल तपासतो, पण कोट्यवधी माणसांत फिरताना त्यालाही संधी मिळाल्याच. आधी भारतात सापडलेला डेल्टा, मग काट्यांच्या प्रथिनात तीसहून जास्त बदल घेऊन आलेला ओमिक्रॉन. आपल्या हबसिगुडाजवळच्या सीसीएमबीत तेव्हा नमुन्यांमागून नमुने वाचले जात होते.

तर फ्लूच्या खोकल्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं की विषाणूला काहीच होत नाही. तीन दिवसांनी तो आपोआप ओसरू लागतो आणि श्रेय गोळीला मिळतं. उरलेल्या गोळ्या डब्यात.

आईचा ताप तिसऱ्या इंजेक्शननंतर उतरला. सातव्या दिवशी घरी सोडलं, पुढची इंजेक्शनं रोज सकाळी जाऊन घ्यायची होती. रिक्षात ती म्हणाली, "अरे, मी काय मुद्दाम घेतल्या होत्या का?" मी म्हटलं, "तू नाही, आणून मी दिल्या."

घरी आल्यावर डबा ओतला. अँटिबायोटिक्सच्या पाकिटांवर लाल उभी रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका अशा अर्थाची. आमच्या डब्यातल्या पाच स्ट्रिपवर ती होती आणि इतक्या वर्षांत मी ती डिझाइन समजत होतो. बेसिनमध्ये टाकू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून त्या हॉस्पिटलच्या फार्मसीत नेऊन दिल्या. मावशीला फोन करून सगळं सांगितलं तर ती आधी रागावली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या ड्रॉवरचा फोटो पाठवला आणि विचारलं, "यातलं काय काय काढू?" फोटोत आठ स्ट्रिप होत्या.

डिसेंबरात मलाच खोकला झाला. मेडिकलमध्ये गेलो, तर मी तोंड उघडायच्या आत, नुसता खोकलो तेवढ्यात, पोराने काउंटरवर तीन गोळ्यांची स्ट्रिप ठेवली. मी ती परत सरकवली आणि गळ्यासाठी खडीसाखर-ज्येष्ठमधाच्या गोळ्या मागितल्या. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की याला पैसे कमी पडतायत की काय. खोकला नऊ दिवस चालला.

आईने तो रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवला आहे. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की तो दाखवायचा असं तिला सांगितलंय. परवा डोळे तपासायला गेलो तर तिथेही तिने तो बाहेर काढला. "मेरे को ईएसबीएल है," तिने चष्म्याच्या नंबरवाल्या मुलीला सांगितलं. मुलीने तो गंभीरपणे वाचला आणि म्हणाली, "ठीक है अम्मा, अब ऊपर की लाइन पढ़ो."